आज ठोकलेली मेख

"हमीदचाचा गेले," माझे वडील, अण्णा, फोनवर एवढंच म्हणाले. मी पुण्यात, ऑफिसात होते. समुद्रात पवनचक्की उभी करायची तर तळाच्या चिकणमातीत खांब ठोकावे लागतात. ती माती खांबाला किती धरून ठेवेल, याचा अंदाज बांधणं हे माझं काम. त्यातला पहिला धडा मला ज्यांनी दिला, त्यांनी समुद्र कधी पाहिलासुद्धा नव्हता. चाचा आमच्या गावी, चौसाळ्यात, मांडव घालायचे.

मांडवाचे दोर ज्या लोखंडी मेखांना ताणून बांधतात, त्या मेखा चाचा आदल्या दिवशीच ठोकायचे आणि सरळ घरी निघून जायचे. गिऱ्हाईक चिडायचं. चाचा मिशीतल्या मिशीत हसायचे. "आज ठोकलेल्या मेखेला आज दोर न्हाई. माती हादरलीय, तिला जरा बसू द्या." अण्णांची आणि त्यांची लहानपणापासूनची दोस्ती, पण अण्णांना हे चाचांचं नुसतं खूळ वाटायचं.

माझ्या हळदीला मात्र अण्णांनी ऐकलं नाही. अवकाळी पाऊस पडून गेलेला, काळं रान ओलं होतं, मेखा त्याच सकाळी ठोकलेल्या. "पावणे दुपारी येत्याल. कशाला थांबायचं? आताच बांध की!" चाचांनी दोनदा नको म्हटलं, मग दोस्ताचा शब्द म्हणून दोर ओढले. दुपारी वारं सुटलं आणि मेखा लोण्यातून निघाव्यात तशा निघाल्या. मांडव आडवा झाला. नशिबानं कुणाला लागलं नाही, पण अण्णा भर पाहुण्यांत ओरडले, "हमीद, तुला मांडव घालता येत न्हाई!" चाचा मान खाली घालून उभे राहिले. मी दारातच होते, सकाळचं सगळं बोलणं ऐकलं होतं... आणि हळदीच्या अंगानं गप्प बसले. त्या वर्षापासून पंचक्रोशीतली लग्नं बीडच्या मांडववाल्याकडे गेली. चाचांनी एका शब्दानंही अण्णांना दोष दिला नाही.

पुढे कामावर आमचा एक खांब माझ्या अंदाजापेक्षा फारच सहज मातीत उतरला. साहेब म्हणाले, आकडे चुकले. मला चाचा आठवले. ठोकताना चिकणमाती ढवळली जाते, तिच्यातल्या पाण्यावर दाब येतो, पकड सुटते. पाणी हळूहळू मुरलं की पकड परत येते. मी हट्टानं काही आठवडे थांबायला लावलं. पुन्हा घाव घातले, तर खांब हलेना. चाचांना हे समोर बसून सांगायचं ठरवलं होतं, दिवाळीत जाऊ म्हणून. चाचा दिवाळीपर्यंत थांबले नाहीत. याची खंत मला जन्मभर पुरेल.

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीच्या आदल्या दिवशी अण्णा आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा सलीम दारात मांडवासाठी मेखा ठोकत होता. अण्णांनी त्याच्या हातातला घण घेतला. सत्तरी ओलांडलेला माणूस, चार घावांत धाप लागली, पण शेवटची मेख त्यांनीच बसवली. सलीम दोर घेऊन पुढे आला.

"आज नगं," अण्णा म्हणाले. मग गल्लीतल्या माणसांकडे वळले. "पोरीच्या हळदीला हमीद हेच म्हणलता. घाई मी केलती. बोल त्याला लागला."

"मीबी ऐकलं होतं," मी म्हणाले.

सलीमनं दोराची गुंडाळी पुन्हा खांद्यावर टाकली. अण्णा त्या मेखेशेजारी खाली बसले आणि मेखेभोवतीची माती तळहातानं दाबत राहिले.