सरकीची मतं

रविवारी अमरावतीच्या शाळेत मतं टाकली. दुपारी मडकी उपडी केली. जिल्हा कौन्सिलशी बोलणी करायला शिक्षक संघाने तिघांना निवडलं. त्यांत हे होते. संध्याकाळी आम्ही मोटारीने दर्यापूरला परतलो.

हे म्हणजे माझे यजमान. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि आता ते नाव कागदावर लिहायला हात धजत नाही. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. ते होते तोवर त्या रविवाराबद्दल लिहावं असं कधी वाटलं नाही. एखादी गोष्ट आठवेनाशी झाली की शेजारच्या खोलीत जाऊन विचारता येत होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. दुसरी मोठी लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. आम्ही दोघंही दर्यापूरला कौन्सिलच्या नोकरीत; हे मुलांच्या शाळेत, मी मुलींच्या. यांचं घराणं दर्यापूरजवळच्या खेड्यातलं, शेती करणारं. त्या घरात शिकून मास्तर झालेले हे पहिलेच. मी अकोल्याच्या मास्तरांची मुलगी. माझे वडील पुस्तकं उसनी देताना माणूस पारखून देत. हे त्यांच्याकडे पुस्तकं न्यायला येत आणि वेळेवर, पानं न दुमडता परत आणत. आमचं लग्न जमायला वडिलांच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं.

कौन्सिलच्या शाळा काळ्या मातीतल्या गावांपासून थेट मेळघाटापर्यंत पसरलेल्या होत्या. एखाद्यावरची साहेबलोकांची मर्जी उतरली की त्याची धारणीला बदली होई. धारणी हेही एक गाव आहे, तिथेही माणसं राहतात आणि मुलं शिकतात. पण आमच्या तोंडी तो शिक्षेचा शब्द होऊन बसला होता. पावसाळ्यात रस्ता बंद पडायचा, आणि तिकडे गेलेला माणूस हिवताप घेऊनच परत यायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर यांच्या शाळेतल्या एका मास्तरांची अशी बदली झाली. घरी बायको बाळंतीण होती. कौन्सिलच्या चेअरमनसाहेबांचा भाचा परीक्षेत नापास झाला होता आणि पेपर या मास्तरांनी तपासले होते, एवढंच कारण लोक सांगत. बैलगाडीला लुगड्याचा आडोसा बांधून ते कुटुंब गेलं. हे गाडीबरोबर वेशीपर्यंत चालत गेले होते. परत आल्यावर बराच वेळ ओसरीवर बसून राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं नाही.

मग संघाने एकच मागणी धरली. जूनमध्ये शाळा उघडली की एप्रिल संपेपर्यंत कोणा मास्तराला हलवू नये. मागणी साधी होती. पण ती घेऊन जो चेअरमनसाहेबांसमोर बसेल त्याचा पुढचा मुक्काम कुठे असेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निवड कशी करायची यावर महिनाभर खल चालला होता. नाताळच्या सुट्टीत मी अकोल्याला माहेरी गेले तेव्हा वडिलांनी तिकडची हकीकत सांगितली. अकोला जिल्ह्यातल्या मास्तरांनी हात वर करून माणसं निवडली होती. हात वर करताना प्रत्येकजण आधी शेजाऱ्याच्या हाताकडे बघत होता, आणि सगळे मिळून दाराशी उभ्या असलेल्या कचेरीच्या शिपायाकडे. निवडून आले ते तिथल्या चेअरमनच्या बैठकीतले. मी म्हटलं, मग चिठ्ठ्या टाकाव्या. वडील हसले. बार्शीटाकळीला मास्तर असताना त्यांनी एकदा निनावी अर्ज केला होता, आणि शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांनी पुढच्या तपासणीला त्यांना त्याच अर्जातल्या हरकतींची उत्तरं नाव घेऊन दिली होती. मास्तरांचं अक्षर लपत नाही. वर्षानुवर्षं आमची हजेरीपत्रकं आणि टाचणं डेप्युटीसाहेबांच्या हाताखालून जात. दोन शब्द पाहिले की ते माणूस सांगत.

"सरकीचे दाणे घ्या," वडील म्हणाले. "सरकीला अक्षर नसतं."

मी ही युक्ती यांना सांगितली, यांनी संघाला सांगितली. अमरावतीची ती शाळा कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनाला लागून होती, त्यामुळे सरकीला तोटा नव्हता. थंडीचे दिवस होते. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावर लागलेली, आणि शाळेच्या पटांगणातल्या बोरीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले. जिल्हाभरातून मास्तर आले होते. बरेचजण धोतर-कोट-टोपीत, उर्दू शाळांतले शेरवानीत. आम्ही बायका मोजक्याच होतो आणि एका कोपऱ्यात बाकावर बसलो होतो.

उमेदवार सहा होते. आतल्या वर्गात बाकावर सहा मडकी मांडली, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि शेजारी घमेल्यात सरकी ठेवली. एकेकाने आत जायचं, ज्याला पाठवावंसं वाटेल त्याच्या मडक्यात एक दाणा टाकायचा, बाहेर यायचं. अध्यक्ष अमरावतीचे एक म्हातारे हेडमास्तर होते. त्यांनी हे दोनदा समजावून सांगितलं. किती मडक्यांत टाकायचा, हे मात्र सांगायचं राहिलं.

उमेदवार बाहेर ओट्यावर ओळीने बसले होते. आत जाणारा प्रत्येकजण त्यांच्यासमोरूनच जाई. रामराम होई, सलाम होई, पोराबाळांची चौकशी होई. मग आत गेलेल्या माणसाला त्यातल्या एकाच्याही मडक्याला रिकामा हात दाखवून पुढे सरकणं जमेना. पंगतीत वाढताना एखादं पान वगळावं तसं वाटे. पहिलं मडकं उपडं केलं आणि दाणे मोजले, तर मतं टाकायला आले होते तितकेच निघाले. दुसऱ्यातही तितकेच. तिसऱ्याला लोक खाली बघू लागले.

उमेदवारांत एक उर्दू शाळेचे मौलवीसाहेब होते. ते दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "ये तो इलेक्शन नहीं हुआ भाई, दावत हो गई. सबकी थाली में एक एक रोटी."

सगळे हसले, अध्यक्षसुद्धा. पण यांच्या मडक्यात एक दाणा कमी निघाला. पुन्हा मोजलं. एक कमीच.

मग हळूहळू सगळ्या टोप्या आमच्या बाकाकडे वळल्या.

"काहून बाई," यांच्याच शाळेतले एक मास्तर म्हणाले, "घरचंच मत घरी राहून गेलं का?"

हशा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईले त्याहिले धारणीले धाडाचं नसंल. बरोबर हाये बापा, कोन धाडते?" त्यावर मात्र कोणी हसलं नाही. धारणीचं नाव त्या सभेत तोवर कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

माझा दाणा मी टाकला होता. इतरांसारखा सहाही मडक्यांत टाकला होता, हेही खरं. यांच्याकडे पाहिलं तर ते ओट्यावर आपल्या चपलांकडे बघत बसले होते, आणि मान खाली घालायची त्यांची ती तऱ्हा मला माहीत होती.

अध्यक्षांनी जाहीर केलं की मतं पुन्हा टाकायची, आणि आता प्रत्येकाला हातात तीनच दाणे मिळतील. तोवर पाणी पिऊन घ्या. पहिल्या फेरीची सरकी शाळेच्या शिपायाने आपल्या म्हशीसाठी बांधून घेतली. आमची भिडेपोटी टाकलेली सगळी मतं म्हशीच्या पोटात गेली, असं मौलवीसाहेब पुढे कित्येक वर्षं सांगत.

हे पाण्याच्या रांजणापाशी आले. मीही गेले. चारचौघांत आम्ही एकमेकांशी बोलत नसू, पण त्या दिवशी लोक आपणहून बाजूला झाले.

"तू सरकी टाकली होती ना?" यांनी विचारलं.

"मी टाकली होती. तुम्ही नाही टाकली."

ते हसले. "आपल्याच मडक्यात कशी टाकाची? बरं नाई दिसत."

"कोण बघत होतं?"

"मी होतो ना."

मग त्यांनी रांजणातून पाण्याचा लोटा भरून घेतला. "आता तीनच दाणे हायेत," ते म्हणाले. "तुले नसंल वाटत तं नको टाकू. मी काई म्हननार नाई. धारणी लई दूर हाये."

मी विचारलं, "तुम्हाला जायचंय का बोलायला?"

"जाचं हाये."

आमच्या लग्नात यांनी मला अमुक हवं असं सांगितल्याचं मला फारसं आठवत नाही. भाजी कोणती, सदरा कोणता, या गोष्टी त्यांनी कधी बोलून दाखवल्या नाहीत. एखादं पुस्तक हवं असलं तरी ते दुकानात हातात घेऊन चाळत आणि परत ठेवत. म्हणून हे 'जाचं हाये' मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

मी आत गेले. घमेलं उचललेलं होतं. तळहातावर तीन दाणे होते, त्यांना चिकटलेल्या कापसाच्या लवीने तळव्याला गुदगुल्या होत होत्या. पहिला दाणा मी यांच्या मडक्यात टाकला. दुसरा मौलवीसाहेबांच्या. तिसऱ्याला थोडा विचार केला आणि अमरावतीच्या एका गणिताच्या मास्तरांना दिला, कारण ते बोलताना आवाज चढवत नसत. तेच तिघं निवडून आले. टाळ्या झाल्या, गुळाचा चहा झाला.

परतीच्या मोटारीत यांनी रुमाल काढला तेव्हा त्यातून सरकीचा एक दाणा मांडीवर पडला. म्हणजे दुसऱ्यांदाही त्यांनी स्वतःला मत दिलं नव्हतं. मी बघितल्याचं त्यांनी बघितलं. दाणा उचलून त्यांनी खिडकीबाहेर टाकला आणि म्हणाले, "उगवंल तं उगवंल."

चेअरमनसाहेबांशी झालेली बोलणी मी मौलवीसाहेबांकडून ऐकली. यांनी कधी सांगितली नाहीत. साहेबांनी चहा मागवला आणि कौन्सिलची अडचण पुष्कळ वेळ समजावली. शाळा किती, मास्तर किती कमी, मेळघाटात कोणी जायला तयार नाही. हे ऐकत राहिले. साहेब थांबल्यावर म्हणाले, "खरं हाये साहेब. मंग एप्रिलपर्यंत थांबाले हरकत काय हाये?" साहेबांनी सगळं पुन्हा सांगितलं. यांनीही पुन्हा तेच विचारलं आणि उत्तराची वाट बघत बसले. वर्गात प्रश्न विचारून मुलाला वेळ देणारे मास्तर होते ते, गप्प बसायचा त्यांना त्रास होत नसे. तिसऱ्या वेळी साहेबांनी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"दर्यापूरचा," हे म्हणाले. "तुमच्या मनात असंल तं धारणीचा."

मौलवीसाहेब सांगत की त्यावर साहेब मोठ्याने हसले आणि त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागवला. नंतर आणखी दोन बैठका झाल्या. ठराव मंजूर झाला. जूनपासून नियम लागू.

यांच्या धारणीच्या बदलीचा हुकूम माघात आला. जून लागायला अवकाश होता, त्यामुळे त्यात नियमाविरुद्ध काही नव्हतं. शाळा चालू असताना झालेली ती शेवटची बदली. निरोपाला दर्यापूरचे सगळे मास्तर मोटारीपाशी आले होते. बाळंतीण बायको घेऊन गेलेले ते मास्तर धारणीला होतेच. त्यांनी यांच्यासाठी खोली बघून ठेवली होती.

माझी नोकरी दर्यापूरला राहिली. धारणीची वर्षं आम्ही पत्रांवर काढली. सुट्टी लागली की दोघंही अकोल्याला वडिलांकडे जात असू. हे रोडावलेले येत, पिशवीत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त असत. सासरा आणि जावई ओसरीवर बसून वाचत, मधेच एखादं वाक्य एकमेकांना ऐकवत. तिकडच्या कोरकू आदिवासी मुलांच्या गोष्टी हे सांगत. एक मुलगी झाडावर बसून पाढे म्हणे, खाली बसून तिला ते आठवतच नसत. मग यांनी तास झाडाखाली घ्यायला सुरुवात केली. हे सगळं ते इतक्या हौसेने सांगत की एकदा वडील म्हणाले, चेअरमनने तुम्हाला शिक्षा केली की बक्षीस दिलं? हे म्हणाले, ताप सोडला तर बक्षीसच.

ताप मात्र सुटला नाही. धारणीहून परत आल्यावरही दरवर्षी श्रावणाच्या सुमारास तो येई. दुपारी थंडी भरे. मी दोन गोधड्या घालून वर हात ठेवून बसे. दात वाजत असताना ते एकदा म्हणाले, "तुयी सरकी उगवली पाह्य." मी म्हटलं, माझी एकटीची नव्हती. त्या वेळी आम्ही हसलो होतो. त्यानंतर दर श्रावणात ते हे म्हणत, आणि मी तेच उत्तर देई.

गेल्या श्रावणात ताप आला नाही. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं. दुपारी पुस्तक वाचता वाचता ते गेले. चष्मा डोळ्यांवरच होता.

मौलवीसाहेब त्यांच्या आधीच गेले, गणिताचे मास्तर त्याहीआधी. ती शाळा पाडून तिथे दुसरी बांधली. कौन्सिल गेली, दुसऱ्या कचेऱ्या आल्या, बदलीचा तो नियम अकोल्यालाही लागू झाला, वऱ्हाड नागपूरकडून मुंबईकडे गेलं. मी अकोल्यात वडिलांच्या घरी राहते. शेजारी एक तरुण मास्तरीण आहे, तिला या हिवाळ्यात मूल झालं. परवा ती म्हणाली की तिच्या मास्तर नवऱ्याची बदली निघाली आहे, पण शाळा सुटल्यावर, मे महिन्यात. मी तिचं बाळ मांडीवर घेतलं.

आमच्याकडे शाळा चालू असताना मास्तरांची बदली होत नाही.