दोन प्रती सादर

दारावर माझ्या नावाची पाटी असताना मी दारातच उभं राहून सांगितलं, "ते इथं राहत नाहीत."

लातूरहून आलेली तिशीतली बाई होती. आमच्या जुन्या मासिकाचा इतिहास लिहायचाय म्हणाली. इतक्या वर्षांनी त्या मासिकाची चौकशी करणारं माणूस पोलिसांचंच, हे माझं ठाम मत. तिनं पाटी वाचली, मला न्याहाळलं. "मग काका, तुम्ही कोण?"

आतून बायको ओरडली, "हेच हायत ते. या आत."

मासिक अराजकवादी होतं. सरकार नको, मालक नको, संपादकही नको, असं आम्ही चौघं नांदेडच्या एका खोलीत लिहायचो आणि लातूरला छापून घ्यायचो. पण अंक टपालानं वाचकाकडं पोचायच्या आत साध्या वेशातला पोलीस स्टँडजवळच्या हॉटेलात आमचाच मजकूर वाचत बसलेला असायचा. फोडतंय कोण? आम्ही एकमेकांच्या पिशव्यासुद्धा तपासल्या. शेवटी बोट गेलं छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरकडं. शेवटच्या अंकात त्याला चौकटीत 'गद्दार' म्हटलं. ती चौकटही त्यालाच जुळवायला दिली. त्यानं एकही चूक केली नाही.

"मी त्या कंपोझिटरचीच लेक," बाई म्हणाली. "अब्बा अंथरुणावर हायत. म्हणतात, काय लिहायचं ते लिही, पण एकदा जाऊन इचार, मी काय केलतं?"

बाप फितूर आणि लेक साळसूद, असंच माझ्या मनात आलं. पुरावाच दाखवावा म्हणून मी ऐटीत फाईल काढली. सगळे अंक क्रमानं लावलेले. तिनं पहिला उलटला. मागं माझ्या सहीचं पत्र टाचलेलं: 'नियमानुसार दोन प्रती सादर.' खाली कलेक्टर कचेरीचा पोहोच-शिक्का, तारीख छपाईच्याच दिवसाची. दुसऱ्या अंकामागं तेच. तिसऱ्यामागंही तेच.

मासिकाची नोंदणी माझ्या नावावर होती. प्रती जमा करायचा नियम होता, म्हणून छापखान्यातून निघालो की मी आधी कचेरीत जायचो, मग टपालात. सरकार नको म्हणणाऱ्यांत एवढा शिस्तीचा मी एकटाच. आणि पोलिसाकडं अंक तिथूनच जात असणार, हे इतक्या वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं.

"याची झेरॉक्स द्याल?" तिनं एवढंच विचारलं.

"झेरॉक्स नको. मीच येतो उद्या. अब्बांना सांगतो."

ती गेल्यावर बायकोनं फाईल आपल्या पिशवीत घातली.

"उद्या मीबी येते संगं. तुमचा काय भरवसा न्हाई. म्हाताऱ्यापुढं उभं राहून म्हणताल, तो माणूस मी न्हवंच."