लाल दोऱ्याची बाटली

आमच्या गावच्या डॉक्टरनं मला फसवलं. हात कंपाउंडरचा होता, आणि फायदा झाला तो जिनिंगच्या मालकाच्या घराचा. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं सांगताना माझीच मान खाली जाणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल, चूक याचीच असावी. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

दवाखान्याची ओसरी. सकाळची वेळ. पंधरा-वीस माणसं बाकावर, खाली, पायरीवर. त्यांच्यासमोर मी धोतर मांडीपर्यंत वर धरून उभा. धोतर धरायलाही मला दोन्ही मनगटं लागतात. कंपाउंडर आतल्या खोलीतून काचेची पिचकारी भरून बाहेर यायचा आणि रोज काहीतरी बोलायचा.

"हेडी आला. धरा रे याले, लाथ मारते."

माणसं हसायची. एखादा बैलाचं वय विचारावं तसं म्हणायचा, "दात पाहा ना याचे, चारदाती हाये का जुळला?"

मीही हसायचो. हे सगळ्यांत वाईट. सुई मांडीत जात असताना मी हसायचो.

मी हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी. माझ्या बापाजवळ एक शेळीही नव्हती. पोरवयात मी मालकाच्या जिनिंगवर कामाला होतो. तिथं सरकी काढायच्या यंत्रात, रेच्यात, उजव्या हाताची तीन बोटं गेली. डावा हात वाचला, पण त्याच्या शिरा तुटल्या. बोटं ताठ राहिली, मूठ वळत नाही. मालकानं चार दिवसांनी निरोप धाडला की आता येऊ नको. मी गेलो नाही. दुसऱ्याचे बैल बाजारात हाकत नेण्यापासून सुरुवात केली, आणि दहा वर्षांत चिखलीच्या बाजारात माझा शब्द चालायला लागला.

बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावरून भाव. बघणाऱ्याला काही कळत नाही. मला तर बोटंच पुरी नव्हती. पण बाजारानं त्याचा मार्ग काढला. माझं बोट जिथं असायला हवं होतं ती जागा समोरचा दाबायचा. ते बोट धरलं असं समजायचं. कुणी ठरवून दिलं नव्हतं, कुणी कधी मोडलंही नव्हतं. तुटलेली तीन बोटं बाजारात पुरी मोजली जात.

साखरेचा आजार झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे इंजेक्शन घरी घ्यायचं नसतं. थोडं कमीजास्त झालं तर माणूस जागेवर मरतो. आणि तुझे हात असे. रोज सकाळी इथं यायचं. बाटली इथंच आमच्या फ्रीजमध्ये राहील."

मी मान हलवली. बैलाचं वय दातावरून ओळखणारा माणूस मी, पण तिथं एकही प्रश्न विचारला नाही. पांढरा कोट पाहिला की माझी अक्कल बाहेर चपलांशेजारी राहायची.

बाटली मी स्वतः एसटीनं खामगावहून आणायचो. सौदा झाला की बैलाच्या शिंगाला लाल दोरा बांधायची माझी सवय होती. बाटलीच्या गळ्यालाही तसाच बांधायचो. एक टोक जिभेखाली धरायचं, दुसरं दातांत ओढायचं. त्यामुळं गाठीचं एक टोक चावून चपटं व्हायचं. ती गाठ दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात बाटल्या मिळेनाशा झाल्या. दुकानदार म्हणायचा, वरूनच माल नाही. मी तीन खेपा वाया घालवल्या आणि चौथ्या खेपेला एक बाटली मिळवली. दोरा बांधून कंपाउंडरच्या हातात दिली.

त्यानंतर माझी तब्येत उतरायला लागली. दर आठ दिवसांनी दवाखान्यात लघवी तपासायचे. काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात लघवी टाकायची आणि ती नळी दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर ठीक. माझं विटेसारखं लाल व्हायचं. डॉक्टरनं ती नळी ओसरीवर आणून सगळ्यांना दाखवली.

"बघा. रोज इंजेक्शन घेतो आणि बाजारात गुळाचा चहा ढोसतो. अशा माणसांसाठी आम्ही राबायचं."

मी म्हणालो, "साहेब, पोराची आन, मी चहाले हात नाई लावला."

"हात लावाले हाये कुठं तुले?" कंपाउंडर म्हणाला. ओसरी पुन्हा हसली.

मी घरी येऊन बायकोवर ओरडलो. भाजीत काय घातलं, भाकरी कशाची केली, तिला नाही नाही ते बोललो. ती फक्त म्हणाली, "तुमी उपाशीच ऱ्हा मंग. तेवढंच राह्यलं." मी खरंच एक वेळ जेवण सोडलं. बाजारात सौद्यानंतरचा चहा नाकारायला लागलो. चहा नाकारला की सौदा मनापासून नाही असं लोक धरतात. गिऱ्हाइकं तुटली. पायाचा अंगठा ठेचाळला होता, तो भरेना. कडेनं काळा पडला. आणि मी मनात म्हणत होतो, आपणच कुठंतरी चुकत असू. झोपेत गूळ खात असू.

पोळा जवळ आला तेव्हा मालकानं बैलजोडीसाठी बोलावलं. जिनिंगवाला तोच मालक. त्याच्या ओसरीवर आम्ही समोरासमोर बसलो, हातांवर उपरणं टाकलं. माझं तोंड आतल्या दाराकडं होतं. आत माजघरात त्याची म्हातारी आई खाटेवर बसलेली. सून आली. तिनं चुलीवरून उकळलेली पिचकारी आणली, पाण्याच्या पितळी पेल्यातून एक बाटली काढली, पिचकारी भरली, म्हातारीच्या दंडाला टोचली. पुसलं. सासूला म्हणाली, "झालं आत्याबाई." आणि भाकऱ्या थापायला गेली.

घरी. सुनेनं. चुलीजवळ. कुणी जागेवर मेलं नाही.

बाटली पेल्यात परत ठेवताना तिच्या गळ्याचा लाल दोरा दिसला. एक टोक चपटं.

उपरण्याखाली मालकानं माझं आहे ते बोट धरलं. मी नसलेल्या बोटांची जागा पुढं केली. तो हसला.

"जे बोट नाई ते मी धरत नाई. हाये तेवढंच मोजतो."

आता मी काय केलं ते सांगतो. मी उठलो नाही. ओरडलो नाही. बाजारात एका शब्दावरून माणसाची गचांडी धरणारा मी, त्या ओसरीवर मुंडी हलवून त्याच्या भावाला हो म्हणालो. वर, "चाय घेशीन का?" त्यानं विचारलं, तर "आजार हाये मालक" असंही म्हणालो. कुणाच्या बाटलीनं त्याची आई बरी होत होती हे माहीत असून मी मालक म्हणालो. पुढं पायाचा अंगठा गेला, त्याची मला तेवढी लाज नाही. त्या एका शब्दाची आहे.

घरी आलो तेव्हा बायकोनं सगळं ऐकलं. म्हणाली, "मंग त्या पिचकारीत काय भरत होते हो, तुमच्यासाठी?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिला सुचला.

दुसऱ्या सकाळी ओसरीवर गेलो. कंपाउंडर पिचकारी घेऊन आला. मी धोतर वर केलं नाही.

"माही बाटली दाखव."

"तुले काय कराचं बाटलीचं? टोचून देऊन राह्यलो ना?"

"लाल दोऱ्याची. आन ती."

त्या दिवशी कुणी हसलं नाही. डॉक्टर बाहेर आले. हळू बोलले, जसं पोराला समजावतात तसं. "अरे, म्हातारीचा जीव धोक्यात होता. मोठं घर आहे, नाही म्हणता येत नाही. तुझी प्रकृती दणकट. तुला दुसरी बाटली आली की दिलीच असती."

"मंग इतके दिवस मले काय टोचलं?"

डॉक्टर आत गेले. कंपाउंडर म्हणाला, "जाय, आता आपलं आपण टोचून घे. पाहू कोन्या बोटानं टोचते."

पाहा तर.

मालकाच्या घरची बाटली आणायला मी गेलो नाही. त्या सुनेनं माझं काही वाईट केलं नव्हतं, आणि त्या घरात पुन्हा मालक म्हणायची माझी तयारी नव्हती. दावणीची दुसरी बैलजोडी विकून सरळ रेल्वेनं मुंबईपर्यंत गेलो, किती भरायचं ते तिथल्या दवाखान्यात विचारून घेतलं आणि बाटल्या घेऊन आलो, दोन पिचकाऱ्या आणि तपासायचं निळं औषधही. बाटल्या ओल्या वाळूत, माठाच्या बुडाशी ठेवल्या. सुताराकडून लाकडाचा ठोकळा करून घेतला, त्यात बाटली उलटी घट्ट बसते. ठोकळा दोन गुडघ्यांत धरायचा. पिचकारी डाव्या ताठ बोटांच्या बेचक्यात. मागच्या दट्ट्याला दोऱ्याचा फासा, तो दातांनी ओढायचा. माझ्या आकड्याच्या रेषेपाशी पोळ्याला शिंगांना लावतात तो लाल रंग लावला, म्हणजे मान वाकडी करूनही दिसतो. टोचून झालं की तळहाताच्या खुंटानं दट्टा दाबायचा.

पहिल्या दिवशी पिचकारी पडून फुटली. बायको म्हणाली, "मी टोचून देऊ काय?" मी नको म्हणालो. ती चिडली. म्हणाली, "माह्या हातानं घ्यायची बी लाज वाटते का?" खरं तेच होतं. आठव्या दिवशी जमलं. मग तिलाही शिकवलं, कारण ताप आला की माझा हात कापतो. आता त्या निळ्या औषधाची नळी मी घरी दिव्यावर धरतो. ती निळी राहते.

अंगठा मात्र राहिला नाही. तो कापला. चालताना उजवीकडं झुकतो.

दर बाजाराच्या दिवशी मी दवाखान्याच्या ओसरीवर जातो. औषधासाठी नाही. बाकावर बसतो आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारतो. डॉक्टरनं आतून दार लावून घेतलं तरी विचारतो. गावात म्हणतात, हेडी बिघडला. बिघडू दे. नसलेलं बोट मोजत नाही म्हणणाऱ्यांना मी माझा कापलेला अंगठा मोजायला लावणार आहे.

डॉक्टर, बाटली मालकाच्या माजघरात होती. मी रोज सकाळी तुमच्या ओसरीवर मांडी उघडी करून उभा होतो. सुई माझ्या अंगात जात होती. त्या पिचकारीत काय होतं ते सांगा. इथंच, या माणसांसमोर सांगा.