सरांच्या फ्रिजची नळी

कोल्हापुरात रागीट माणसांना तोटा नाही. आमच्या गल्लीत तर ‘चहा घेणार का’ हेसुद्धा भांडण उकरून काढल्यासारखं विचारतात. पण या सगळ्यांना पुरून उरेल असा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारचे ड्रॉइंगचे सर. ते सकाळी उठत तेच रागावून. दूधवाल्यावर, वर्तमानपत्रातल्या छपाईवर, नीट गोल न झालेल्या भाकरीवर, आणि काहीच सापडलं नाही तर कॅलेंडरवर. एकदा पत्ता विचारायला थांबलेल्या एका पाहुण्याला त्यांनी पत्ता इतका ओरडून सांगितला, की तो बिचारा उलट्या दिशेने निघून गेला. मग ‘चुकला की येडं!’ म्हणत सर चपला घालून त्याच्या मागे धावले आणि त्याला थेट त्या घराच्या दारात सोडून आले. रस्ताभर त्याला बोलत होतेच.

गल्लीत तेव्हा टीव्ही यायचा होता आणि फ्रिज एकच होता, सरांचा. तो त्यांनी हौसेने घेतला नव्हता. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, मधुमेह होता आणि इन्सुलिनची बाटली गार ठेवावी लागे. रोज सकाळी काचेची सिरिंज उकळून सर स्वतः काकूंना इंजेक्शन देत. दिवसातली तेवढी पाच मिनिटं त्यांचा आवाज ऐकू येत नसे. गल्लीला मात्र फ्रिज म्हणजे गार पाणी. ‘काकू, वाईच गार पाणी द्या की’ म्हणत उन्हाळ्यात माणसांची रीघ लागे, आणि दारी आलेल्याला नाही म्हणणं काकूंच्या स्वभावातच नव्हतं. फ्रिजचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडे. सर शाळेतून आले की सुरू, “लाव ते दार! आत काय तुझं सासर हाय व्हय, डोकं घालून बसायला?” औषधाला गारवा लागतो हेही ते ओरडून सांगत. पण ते सगळंच ओरडून सांगत, त्यामुळे त्यातलं महत्त्वाचं कोणतं हे कुणाला कळत नसे. मलाही कळलं नाही. एकदा त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला, तेव्हा ‘पाण्यासाठी कसला जीव टाकतो हा माणूस’ असं म्हणून मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो.

शेवटी सरांनी तोड काढली. फ्रिजचं दार न उघडता गल्लीला गार पाणी मिळालं पाहिजे. माळ्यावरच्या टाकीतून एक नळी फ्रिजच्या कुशीतून आत न्यायची, आत झाकणबंद स्टीलचा डबा, आणि डब्यातून दुसरी नळी भिंतीतून थेट व्हरांड्यात. टोकाला पितळी तोटी. याचा नकाशा त्यांनी तीन रंगांत काढला. मग नळी निवडण्यासाठी मला सोबत घेऊन ते बाजारभर हिंडले. प्रत्येक दुकानात नळी वाकवायची, पिळायची, वास घ्यायचा. तपकिरीने त्यांच्या नाकाचा निकाल केव्हाच लावला होता, पण वास मात्र डोळे मिटून घेत. एका दुकानदाराला तर त्यांनी “ही नळी हाय का शेवया?” असं विचारलं. अखेर एक जाड, तांबडी रबरी नळी त्यांना पसंत पडली.

नळाचं काम करायला आलेले मिस्त्री सरांचेच जुने विद्यार्थी. चाळिशीचे, शांत, कानावर पेन्सिल अडकवलेले. त्यांनी नळी हातात घेतली आणि म्हणाले, “सर, रबराचा वास उतरतोय पाण्यात. प्यायच्या पाण्याला तांब्याची घ्या.”

“तांब्याला वळण कोण देणार? तुझा आजा?”

“म्या देतो की.”

“चौथीत सरळ रेघ येत नव्हती तुला! चल, ऊठ, निघ!”

मिस्त्री हत्यारं गोळा करून गेले. सरांनी स्वतःच फ्रिजला भोक पाडलं. त्या वेळी काकू देवघरात जाऊन बसल्या होत्या. पण भोक नीट पडलं, पाणी आलं, तोटीखाली सरांनी साखळीला बांधलेला पेला ठेवला आणि गल्लीला बोलावलं. पहिला मान तालमीतल्या पैलवानाचा. भल्याभल्यांना चितपट करणारा गडी, त्याने घोट घेतला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. सर समोरच उभे होते. “लई झ्याक!” असं म्हणून त्याने तो पेला संपवला. मग बायका प्याल्या, मी प्यालो. सायकलचा टायर उकळून गाळावा तशी त्याची चव होती. मीही “उत्तम” म्हणालो. सर स्वतः ते पाणी पीत नव्हते. त्यांच्या दातांना गार सोसत नसे, त्यांचा आपला माठच बरा.

पुढे जे झालं त्याचा मला अजून राग येतो, आणि तो स्वतःचाच. वास येतो हे सरांना सांगायची हिंमत एकाचीही झाली नाही. त्याऐवजी सर शाळेला गेले की आम्ही सगळे मागच्या दाराने स्वयंपाकघरात जायचो आणि फ्रिजमधल्या बाटल्या रिकाम्या करायचो. दार आता पन्नासाच्या जागी शंभर वेळा उघडू लागलं. काकू हसून पाणी देत राहिल्या.

एप्रिलमध्ये सर एक दिवस अचानक दुपारी घरी आले. फ्रिजचं दार सताड उघडं, समोर पैलवान, दोन बायका आणि हातात पेला घेतलेला मी. सरांनी काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, “आणि त्या तोटीला काय धाड भरलीय?”

काकूच म्हणाल्या, “त्या पाण्याला टायरचा वास येतो.”

“कवापासनं?”

“पहिल्या दिवसापासून.”

सरांनी आतली इन्सुलिनची बाटली काढून गालाला लावली. ती कोमट होती. ते माझ्याकडे वळले. “तू शिकलेला ना? तुला तोंड न्हाई?”

मीही भडकलो. म्हणालो, “सर, तुम्हाला खरं सांगायचं म्हणजे आधी मार खायची तयारी लागते. ज्याने सांगितलं त्याला तुम्ही हाकलून दिलंत!” त्यांना कुणी इतकं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि बोलणारा मीच होतो. सरांचा चेहरा उतरला. नवी बाटली आणायला ते तसेच भर उन्हात निघाले आणि औषधाच्या दुकानातून परस्पर मिस्त्रींच्या घरी गेले. मी मागून धावलोच होतो. सर दारातूनच गरजले, “चूक दावल्यावर निघून जातोस? हेच शिकवलं व्हतं मी?”

“सर, तुम्हीच जा म्हणालासा.”

“म्हणून जायचं व्हय रं?”

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर अडकवली आणि पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी तांब्याची नळी बसली. तिची वळणं अशी देखणी, की सर तिच्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिले. मिस्त्रींनी सुरुवातीच्या दोन बादल्या सोडून दिल्या आणि पहिला पेला सरांनाच प्यायला लावला. दात धरून, डोळ्यांत पाणी आणून सरांनी तो संपवला. फ्रिजचं दार बंद राहिलं ते राहिलंच. औषध नीट गार राहू लागलं.

पंधरा दिवसांनी काही कामाने मी गेलो, तर काकू स्वयंपाकघरात एकट्याच तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “लोक बाहेरच्या बाहेर पाणी पिऊन जातात. आठ दिवसांत कुणी आत डोकावलं नाही बघ.” गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर जाणं केव्हाच थांबलं होतं. या वेळी मी गप्प बसलो नाही, त्याच संध्याकाळी सरांना हे सांगितलं. ते माझ्यावर खेकसले, “मग म्या काय करू? गल्लीला आवतण देऊ?”

दुसऱ्या सकाळी मिस्त्री पुन्हा हजर. व्हरांड्यातली तोटी निघाली आणि आत, काकू बसतात त्या जागेपासून हातभर अंतरावर लागली. विचारणाऱ्याला सर सांगत, “भाईर चिखल होतोय. प्यायचं असंल तर आत जा, पाय झिजत न्हाईत!” बायका आत गेल्या, त्यांच्यामागे पैलवान गेला.

मी आलो तेव्हा सर व्हरांड्यात भिंतीचं भोक सिमेंटने बुजवत होते. आतून गलका येत होता. पैलवानाने काहीतरी सांगितलं आणि काकू मोठ्याने हसल्या. सरांचा हात थापी धरून तसाच भिंतीवर थांबला.

“काय झालं सर?” मी विचारलं.

“गप,” ते म्हणाले. या एकाच वेळी त्यांनी मला हळू आवाजात गप बसवलं.