एकाच तारेवरचे गाव

जूनच्या मध्यापासून तौनोचा संगणक नदी ओलांडली की विझू लागला.

नदी पडद्यावरची होती. ठोकळ्यावर ठोकळा रचून हवे ते उभारण्याच्या एका खेळात तौनोने आपले बुडालेले गाव, सुओपिर्ती, नऊ वर्षे खपून पुन्हा बांधले होते. अलीकडच्या काठावर हिंडताना काही होत नसे. पलीकडे इम्पी आत्याचे घर, तिचा गोठा आणि त्यामागची बर्चची दाट झाडी दिसू लागली, की डब्यातला पंखा घोंघावू लागे, मग दम लागल्यासारखा थबके आणि पडदा काळा होई. पुन्हा चालू केल्यावर गाव जिथल्या तिथे असे. तरी ते दिसेपर्यंत तौनो श्वास रोखून बसे.

खरे गाव धरणाखाली गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला त्यातले एकच आठवत होते. सामान गाडीत चढल्यावर आई पुन्हा आत गेली होती आणि बुडणाऱ्या घराची जमीन तिने साबण लावून घासून काढली होती.

पुढे केमियार्वीच्या कागदलगद्याच्या गिरणीत तौनोने वीजतंत्री म्हणून उमेदीची वर्षे घालवली. मोडलेली वस्तू टाकणे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या होडीचे इंजिन तीन मेलेल्या इंजिनांतून जन्मले होते आणि सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीतली, चूल बापाच्या वयाची होती. गिरणी बंद पडल्यावर तो वही घेऊन गावच्या म्हाताऱ्यांकडे हिंडू लागला. कोणाच्या ओसरीला किती पायऱ्या, शिडी कोणत्या भिंतीला टेकलेली, विहिरीचा रहाट कोणत्या हाताला, सगळे विचारी. एकेक घर पडद्यावर उभे राहिले, की त्या घराची पाने तो सौनाच्या चुलीत सरपणाखाली सारी. गाव उभे असताना कागद कशाला जपायचे? सांगणारी अकरा माणसे होती. त्यांतली दहा आता दफनभूमीत होती. उरली होती ती चौऱ्याण्णव वर्षांची इम्पी आत्या.

येत्या शनिवारी गावकऱ्यांच्या वंशजांचा मेळावा होता. वृद्धाश्रमासमोरच्या सभागृहात मोठा पडदा लावून तौनो आत्याला तिच्या दारापर्यंत नेणार होता. तिची नजर अधू झाली होती. पुढच्या मेळाव्यापर्यंत ती तेवढीही राहील, असे कोणी म्हणत नव्हते.

मंगळवारी तो वेइयोच्या दुकानात गेला. वेइयो शाळेपासूनचा सोबती, संगणकांची दुरुस्ती आणि विक्री करी. त्याने डबा उघडला आणि तोंड वाकडे केले.

"तौनो, हे यंत्र नाही, म्हातारा आहे. एक सांधा बदललास की दुसरा कुरकुरणार."

"मला म्हातारे चालतात. तुला नाही का इतकी वर्षं चालवून घेतला?"

"थट्टा सोड. सगळं नवंच घे. गाव त्यात उतरवून देतो मी, शुक्रवारच्या आत. जुन्याकडे बघूसुद्धा नकोस."

सगळं नवं. तौनोच्या घरात या दोन शब्दांना इतिहास होता. धरणाचे साहेब हेच म्हणाले होते. बापाला खरोखरच नवे घर मिळाले, विजेच्या शेगडीचे, पांढऱ्या भिंतींचे. त्या घरात तो अकरा वर्षे पायांत बूट घालून बसला. कोणी विचारले तर म्हणे, "निघायचंय."

"पॉवर सप्लाय थकलाय," तौनो म्हणाला. "पलीकडच्या काठावर ओझं वाढतं, ते त्याला पेलत नाही. तेवढाच दे."

"रोग बरोबर ओळखलास. पण मग यंत्र ठेवून जा, मी बसवतो."

"तीस वर्षं अख्खी गिरणी चालती ठेवली मी. आता तू मला प्लग लावायला शिकवणार?"

"नाही रे बाबा, माझी काय बिशाद! गावाची प्रत तरी आहे ना?"

"आहे. दोन डिस्क आहेत. एकीवरचं रोज आपोआप दुसरीवर उतरतं."

त्या दोन्ही कुठे आहेत, हे विचारायला वेइयोने तोंड उघडले असावे. पण तेवढ्यात एक बाई फुटका टॅबलेट घेऊन आत आली, आणि प्रश्न राहून गेला.

गुरुवारी तौनो वृद्धाश्रमात आत्याकडे गेला. जाताना वेलदोड्याचा पाव नेला. ती खिडकीशी बसली होती. समोर सभागृहाचे लाल दार आणि दारापुढे लावलेल्या सायकली उन्हात लखलखत होत्या.

"आलास? मला वाटलं, मी मेल्यावर दाखवतोस की काय माझं घर."

"शनिवारी, आत्या. भिंतीएवढं दिसेल."

"दार कोणत्या रंगाचं केलंयस?"

"निळं. होडीचा उरलेला रंग होता. तूच सांगितलंस."

"हं," आत्या म्हणाली. आणि पावाचा तुकडा बोटांनी चुरू लागली. "फार सभ्य माणसं होती रे ती धरणाची. कॉफी प्यायली, कपसुद्धा स्वतः विसळले. आणि जाताना म्हणाली, पाणी वसंतात येईल."

शुक्रवारी दुपारी तौनोने संगणक स्वयंपाकघराच्या टेबलावर आडवा घातला. बाहेर सौना तापत होती. खिडकीच्या जाळीवर डास गुणगुणत होते. नव्या पॉवर सप्लायबरोबर आलेली माहितीपत्रिका त्याने टेबल डागाळू नये म्हणून कॉफीच्या किटलीखाली सरकवली.

पॉवर सप्लायचा जुना डबा निघाला, नवा बसला. जाड केबली त्याने नव्याच लावल्या. राहिली एक केबल, दोन्ही डिस्कना वीज देणारी. ती त्याने नऊ वर्षांपूर्वी पाठीमागच्या पत्र्याआडून नेली होती आणि गिरणीच्या शिस्तीने बोटा-बोटावर मेणदोऱ्याच्या गाठी मारून बांधली होती. नवी घालायची तर एकूण एक गाठ कापावी लागणार होती. जुन्या केबलीचे टोक त्याने नव्या डब्याच्या खाचेपाशी धरून पाहिले. तोच आकार, तेवढ्याच पिना. त्याने अंगठ्याने दाबले. प्लग टक् करून बसला.

गिरणीत प्रत्येक दाबाच्या विजेला प्लग वेगळा असे. चुकीचा प्लग आत जातच नसे, म्हणून तर माणसांचे हात शाबूत राहिले होते. जे बसते ते बसण्यासाठीच केलेले असते, हे तौनोच्या बोटांना इतके पाठ होते, की त्याच्या डोक्याला विचारण्याची वेळच आली नाही.

त्याने बटण दाबले. पंखा अगदी निवांत फिरू लागला, इतका, की तौनोला हसू आले. मग आतून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. लगेच दुसरा. पत्र्याच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर आली आणि खिडकीच्या उन्हात मोकळी झाली.

पडदा उजळला, कित्येक आठवड्यांत उजळला नव्हता तसा. वर पांढरी अक्षरे होती: डिस्क सापडत नाही.

त्याने किटली उचलली. पत्रिकेवर कॉफीचे तपकिरी कडे उमटले होते, आणि त्या कड्याच्या आत ठळक अक्षरांत छापले होते, की याच डब्यासोबतच्या केबली वापराव्यात. जुन्या केबली बसल्या, तरी त्यांतल्या तारांचा क्रम निराळा असू शकतो आणि चुकीच्या दाबाची वीज आतले भाग जाळू शकते.

वेइयो दहा मिनिटांत आला. त्याने डिस्क काढून उजेडात धरल्या. त्याने एकही टोमणा मारला नाही.

"दोन्ही?"

"दोन्ही. एकाच तारेवर होत्या ना."

"काही निघेल त्यातून?"

"हेलसिंकीला पाठवतो. पण हा काळा डाग बघ, आणि त्याच जागी दुसरीवरचा बघ." वेइयोने त्या रुमालात गुंडाळल्या. "मी आस लावून बसणार नाही. तूही बसू नकोस."

सौना तापून तापून आपोआप निवली.

शनिवारी मेळाव्यात पडदा पांढराच राहिला. लोकांनी साल्मन माशाचे सूप घेतले, हळू आवाजात बोलले, तौनोच्या खांद्यावर हात ठेवले. तो रस्ता ओलांडून आत्याकडे गेला. ती चांदीचा ब्रोच लावून, केस विंचरून तयार बसली होती.

"आत्या, गाव गेलं."

"पुन्हा?"

आत्याने त्याचा हात चाचपून धरला.

"रडू नकोस, रडून पाणीच वाढतं. वही आणलीयस? मग बस. मी सांगते, तू लिही. कुठून घेऊ?"

"दारापासून घे."

तिने खिडकीकडे तोंड केले आणि डोळे किलकिले केले.

"दार लाल होतं," ती म्हणाली. आवाजात कसलीही शंका नव्हती. "चांगलं रुंद, दोन फळ्यांचं. आणि दारापुढे सायकली लावायचे सगळे."

सुओपिर्तीला रस्ताच नव्हता. आत्याच्या काठावर होडीनेच जावे लागे. तौनोने तिच्या खांद्यावरून समोरच्या सभागृहाकडे पाहिले. नाही म्हणावे, तर पुरावा म्हणून दाखवायला त्याच्यापाशी आता काही नव्हते.

"लिहिलंस का?" आत्याने विचारले.

त्याने वहीच्या पहिल्या ओळीत लिहिले: लाल.