काकाजींचे तीन फ्यूज

काकाजींच्या खमिसाचा डावा खिसा कायम लोंबलेला असायचा. जिनिंगमधलं कुठलंही यंत्र उघडायचं तर ते आधी मेन स्विच बंद करत, मग बोर्डावरचे चिनीमातीचे तीनही फ्यूज उपटून खिशात टाकत, खिसा वरून थोपटत आणि मगच यंत्रात हात घालत. "बटन कोनीबी दाबते," म्हणायचे, "पन माह्या खिशातून कोन काढन?"

वर्ध्याबाहेरच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे तिथे दिवसभर धडधडत. काकाजींच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. "तवा मले लय घाई होती," एवढंच ते त्याबद्दल सांगत. त्यानंतर हा माणूस कधी घाईनं चाललाच नाही. मालक बोंबलला, "काकाजी, कापसाच्या गाड्या उभ्या हायेत!" तरी हे आधी चष्मा पुसणार. "मशीनले घाई रायते. आपल्याले काऊन पायजे?" त्यांच्या पाळीत पुन्हा कुणाचं बोट गेलं नाही, आणि याचा त्यांना केवढा अभिमान!

तिथे मी पोचले कॅमेरा घेऊन. वर्ध्याजवळच्याच नालवाडीची मुलगी, पुण्यात शिकून आलेली, डोक्यात हवा. मला बिनशब्दांचा माहितीपट करायचा होता. निवेदन नाही, संवाद नाही, नुसती चित्रं आणि संगीत. यंत्रांनी माणसाला कसं पळायला लावलंय, हा विषय. काकाजींना समजावलं तर म्हणाले, "बोलाचंच नाई? मंग मी तं मेलोच!" तरी आठ दिवस त्यांनी मला सगळ्या रेच्यांमधून फिरवलं, स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी खाऊ घातली आणि माझी ओढणी यंत्राजवळ लोंबताना दिसली तेव्हा ओरडून ती कमरेला गच्च बांधायला लावली.

शेवटच्या दिवशी फ्यूज काढण्यापासूनचं सगळं काम त्यांनी कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं. सात मिनिटं. संकलनाला बसले आणि मला ती कंटाळवाणी वाटली. मग मी वेग वाढवून ती पळवली आणि संगीताच्या ठेक्यावर बसवली. काय झकास दिसत होती म्हणून सांगू!

पवनारला, त्यांच्याच गावात, समाजमंदिराच्या खिडक्यांना चादरी लावून भर दुपारी सिनेमा दाखवला. काकाजी इस्त्रीच्या खमिसात पहिल्या रांगेत. पडद्यावर ते आले आणि तुरुतुरु धावतच सुटले. सगळं समाजमंदिर खदखदून हसलं. मागून जिनिंगमधले कामगार ओरडले, "पळा काकाजी, पळा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छे, खोटं कशाला बोलू? तेव्हा तसं काही झालं नाही. तेव्हा मला वाटलं, वा, लोकांना आवडला!

बाहेर आल्यावर काकाजींनी विचारलं, "पोरी, मी असा पळतो का वं?"

"काकाजी, ती शैली आहे."

"अस्सं. अन् ते फ्यूजचं?"

"आहे की त्यात."

"मले दिसलं नाई." एवढं बोलून ते नेहमीच्या चालीनं घराकडे गेले.

पुढे ते फ्यूज काढायला उठले की कामगार टाळ्या वाजवत म्हणे. हंगाम संपायच्या आतच त्यांनी काम सोडलं. हे कानावर आलं, तरी मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

गेले ती यंदा, ते वारल्यावर. काकूंनी दारातच ओळखलं. "तू सिनेमावाली ना वं? माह्ये गुडघे दुखत होते, मले येता नाई आलं. हे घरी येऊन म्हने, लय चांगला बनवला पोरीनं." मग म्हणाल्या, "त्यायचा आवाज हाय का तुह्याजवळ?"

होता. मीच कापून टाकलेला. लॅपटॉपवर मूळ सात मिनिटं लावली. काकाजी सावकाश बोर्डाकडे गेले. एक फ्यूज काढला. दुसरा. तिसरा. खिसा थोपटला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "हे तेवढं पोराईले दाखवजो, पोरी. बाकी काही नाई दाखवलं तरी चालते." कॅमेऱ्यामागून माझा आवाज आला, अगदी खुशाल, "हो काकाजी, नक्की!"

काकूंनी पदरानं डोळे पुसले. "मंग, दाखवलं ना?"

"हो काकू," मी म्हणाले. "दाखवलं."