माझी डाळ शिजली

घर कुठं घ्यावं, याबद्दल माझा सल्ला कोणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे. आमच्यातली नवी माणसं घर बघायला निघतात तेव्हा कचेरी किती लांब, पाणी कसं, शेजार कोणाचा, एवढं बघतात आणि वर हसून म्हणतात, "शिवाय हिचं माहेरही जवळ." ते वाक्य ऐकलं की मी उठून आत जाते. जन्मात एकदाच मी घराची जागा निवडली. निवडली म्हणजे मला कोणी विचारलं नव्हतं. मी ती चुलीमागून निवडली. आणि इतकी चांगली निवडली की पुढची सारी वर्षं तिच्यातच अडकून पडले.

माझं माहेर वलगावचं, अमरावतीपासून तीन कोसांवर. लग्न नवव्या वर्षी झालं ते थेट बाळापूरला. तेव्हा आगीची गाडी नव्हती; बैलगाडीनं वाटेत तीन मुक्काम पडत. गावातल्या बायकांनी माझ्या मायला खूप नावं ठेवली. एकुलती एक लेक, आणि पेढी नदीच्या पुरात सोडावी तशी सोडून दिली म्हणे. माय कोणाला उत्तर देत नसे.

मायचं स्वतःचं माहेर मात्र आमच्या गावातून दिसायचं. पेढी नदीच्या पलीकडे चिंचा होत्या, त्यांच्या मागं. नदीवर धुणं धुताना ती ओल्या हातानं दाखवायची, "थे पाय तुह्या आजीचं घर." आजीचा चेहरा मला नीट आठवत नाही, चिंचा आठवतात. लहानपणी त्याचं काही वाटलं नाही.

बाळापूरला मी रडत असे. कोणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं, तरी रडत असे. दिवाळी जवळ आली की दादा, माझा थोरला भाऊ, दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जोडून न्यायला यायचा. आता इतक्या लांबून लेक न्यायची ती चार दिवसांसाठी कोण नेणार? सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या स्वतःच दादाला म्हणायच्या, "बैलाइचे पाय दुखतीन नुसते. राहू दे तिले महिनाभर." महिन्याचा दीड महिना व्हायचा. उन्हाळ्यात आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पुन्हा तसंच. मायच्या पदराखाली निजायचं, तिच्या हातून न्हाऊन घ्यायचं, पेढीच्या वाळूत झिरे उकरायचे. तेवढ्यावर उरलेलं वर्ष निघत असे, पण निघतं आहे हे मला कळत नव्हतं. मला वाटे, बाळापूर जवळ असतं तर मी आठवड्याला गेले असते.

मग कापसाचे दिवस आले. लांबच्या कुठल्या मुलखात गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं सगळे सांगत. लढाई मी पाहिली नाही. कापूस पाहिला. बाभळीच्या काट्यांना कापूस, बैलांच्या शिंगांना कापूस, माणसांच्या मिशांना कापूस. जिथं पैसा तिथं भांडणं, आणि जिथं भांडणं तिथं वकील. आमचे हे अमरावतीच्या कचेरीत वकिली करू लागले होते आणि एका खोलीत हातानं भाकरी थापून खात होते. शेवटी ठरलं की सगळ्या घरानंच बाळापूर सोडून अमरावतीला जायचं. पण अमरावतीला म्हणजे नक्की कुठं, यावर बाळापूरच्या ओसरीवर रोज संध्याकाळी सभा भरू लागली. हे सुट्टीवर आले होते. मी आत, दाराआड, परातीत पीठ घेऊन.

यांचं म्हणणं, परकोटाच्या आत राहावं. गावाभोवती भिंत, दिवे लागले की वेशी बंद, चोराचं भय नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "आत पाय ठेवाले जागा हाय का? कापूस घरात अन् मानसं ओट्यावर."

"मंग बडनेरा पाहू. आगीची गाडी तिथं येऊन राह्यली. उद्या थेच शहर होईन."

आतून आत्याबाई ओरडल्या, "अन् मी पापड काय त्या धुरात वाळवू?"

बडनेरा तिथंच संपलं. मग कोणी अंबेच्या देवळाजवळची जागा काढली, कोणी म्हणालं अमरावती कशाला, अकोला जवळ आहे. असं चाललेलं असताना हे सहज बोलून गेले, "परकोटाच्या भायेर वलगावच्या वाटेवर एक घर हाय. पुढं निंब, मागं विहीर. पण लयच आडबाजूले पडते."

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. त्या घराच्या दारातून निघालेली वाट सरळ माझ्या मायच्या दारी जात होती. पण "माझं माहेर तिकडं आहे" असं मी म्हटलं असतं तर ते घर त्याच क्षणी बाद झालं असतं. सुनेच्या माहेरासाठी घर घेणारा सासरा अजून जन्मायचा होता. मला दुसरी वाट काढायला हवी होती.

बाळापूरच्या आमच्या विहिरीचं पाणी खारं होतं. त्या पाण्यात तुरीची डाळ टाकली की ती सकाळपासून दुपारपर्यंत खदखदते आणि खड्यासारखी कडक राहते. म्हणून स्वयंपाकाला नदीचं पाणी वेगळं आणत. त्या आठवड्यात नदीचं पाणी रोज कशात ना कशात संपू लागलं. कधी तुळशीला गेलं, कधी घागर कलंडली. डाळ विहिरीच्या पाण्यात पडू लागली. मामंजींचे दात थोडेच उरले होते. ते घास तोंडात इकडून तिकडं फिरवायचे आणि माझ्याकडं न बघता म्हणायचे, "डाळ हाय का छर्रे हाय?"

मी मान खाली घालून आत्याबाईंना म्हणे, "पान्यालेच गुन नाही, आत्याबाई. आमच्या वलगावाकडच्या वाटेनं गोड पानी हाय. एका उकळीत डाळ फुटते."

चौथ्या दिवशी आत्याबाई तेच वाक्य आपलं म्हणून ओसरीवर बोलल्या. मामंजींनी ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "त्या निंबाच्या घरची विहीर गोड हाय का रे?" हे म्हणाले, "साखर." झालं. कचेरी, परकोट, चोर, आगीची गाडी, सगळं एका वाटीभर डाळीपुढं हरलं. माझी डाळ शिजली, असं मी मनाशी म्हटलं आणि मला इतकं हसू आलं की पदर तोंडात धरावा लागला.

आम्ही गेलो. घर छान होतं. दारात उभं राहिलं की वलगावची वाट शेताशेतांतून लांबवर दिसायची. पहिल्या दिवशी मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. कोणी मला राज्य देऊ केलं असतं तर नको म्हटलं असतं.

दिवाळीला दादा आला. मी महिनाभराचे कपडे गाठोड्यात बांधून ठेवले होते. आत्याबाई गाठोडं बघून हसल्या. "एवढं काय बांधलं वो? जवळच तं हाय. दिवे लागाच्या आत आनून सोडजो रे बाबा तिले." मी गाठोडं सोडून पुन्हा खुंटीवर टाकलं. वलगावला पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. मायनं तेल लावलं, न्हाऊ घातलं, वाढलं. आणि माझे केस ओलेच होते तोवर दादानं बैल जुंपले. वाटभर पाठीवर थंड पाणी झिरपत होतं आणि मी विचार करत होते, ठीक आहे, पुढच्या आठवड्यात येऊच.

पुढच्या आठवड्यात सण नव्हता. सण नाही तर कशाला? "जवळच तं हाय. कवाही जाशीन." आखजीला पाहुणे होते. त्यानंतरच्या दिवाळीला मामंजींना ताप होता. प्रत्येक वेळी कारण खरं असायचं आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच, जवळच तं हाय. मी त्या वाक्याचा जसा धसका घेतला तसा साप-विंचवाचाही कधी घेतला नाही. आत्याबाई वाईट असत्या तर भांडले असते. त्या वाईट नव्हत्या. त्यांना मनापासून वाटायचं की माहेर जवळ असलेली बाई म्हणजे माहेरीच असलेली बाई.

वकिली वाढली तशी पंगत वाढली. कापसाचे तंटे घेऊन खेड्यापाड्यांतून माणसं यायची आणि सगळ्यांत जास्त वलगावची, कारण घर वाटेवरच आणि वर वकिलीणबाई गावची लेक. "लेकीचं घर हाय" म्हणत बसायची आणि दोन-दोन दिवस राहायची. मी सकाळी चुलीपाशी बसले की दुपार कलल्यावर उठत असे. वलगावचा पाटील माझ्या हातचं जेवला, त्याचा गडी जेवला, एकदा तर मायच्या शेजारणीचा मेहुणा जेवून गेला. माय मात्र नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि मला मूल फार उशिरा झालं. तोवर माय राहिली नव्हती.

बाळापूरला असताना निदान वाट दिसत नव्हती. इथं ती दिवसरात्र दारासमोर पडलेली. मी दुपारी भांडी पालथी घालून उंबऱ्यात बसायची आणि तिच्याकडं बघायची. तिकडून कापसाच्या गाड्या यायच्या, इकडून रिकाम्या जायच्या. कोणत्याही गाडीत चढून बसावं आणि म्हणावं, हाक. पण वकिलाची बायको कापसाच्या गाडीत चढत नसते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माय अजून होती तेव्हाच आगीची गाडी सुरू झाली आणि अकोल्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं यांना तिकडं बोलावलं. घर देतो म्हणाला, सगळी कामं देतो म्हणाला. त्या दिवशी मामंजी आणि आत्याबाई अंबेच्या दर्शनाला गेले होते. हे हात धुताना थांबले आणि जन्मात पहिल्यांदा मला विचारलं, "तुले काय वाटते? अकोल्याले जावं का?"

माझ्या तोंडून चटकन निघालं, "जाऊ. आजच जाऊ."

"काहून? तुह्यं माहेर तं लांब पडीन."

"म्हनूनच," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. त्यापुढं कसं समजवायचं ते मला येत नव्हतं. यांना वाटलं, ही माझ्या कामासाठी आपलं मन मारते आहे. डोळे भरून आले त्यांचे. दुसऱ्या दिवशी ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "अकोल्याले नाही जात आपन. इचं माहेर जवळ हाय. आजपर्यंत इनं काही मांगलं नाही. इच्यासाठी एवढं तं करू." मामंजींनी मान डोलावली. आत्याबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं आळीतल्या बायका कितीतरी दिवस म्हणत होत्या. ते खोटं नव्हतं. माझ्या दाराला कडी लागली ती प्रेमानं लागली, मग ती वाजवायची कोणापुढं?

त्याच वर्षी नवरात्रात माय अंबेच्या दर्शनाला निघाली होती. दादानं गाडी आमच्या निंबाखाली उभी केली. माय आत आली नाही, येणार नव्हतीच. चाकाला टेकून उभी राहिली, हातात घरून आणलेला पाण्याचा तांब्या. मी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आले. आणि तिच्यासमोर माझं सगळं बाहेर पडलं. अकोला हातचं गेल्याचं, ओल्या केसांचं, जवळच तं हाय याचं. मी मोठ्यानं रडले, वाटेवरचे गाडीवाले बघत होते तरी रडले.

मायनं पदरानं माझ्या तोंडावरचं पीठ पुसलं. मग म्हणाली, "तुह्यासाठी अमरावतीचं स्थळ आलं होतं. परकोटातलं. तुह्या बापाच्या मनात थेच होतं."

"मंग?"

"मी अन्न सोडलं. म्हनलं, बाळापूरलेच द्याची."

"काहून माय?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही, वाटेकडं बघितलं. "माह्यं माहेर पेढीपल्याड होतं. रोज दिसे. लगन झाल्यावर एक रात नाही झोपली मी थ्या घरी. कवाही जाशीन म्हनत, अन् माय मेली माही. लांबची लेक राह्याले येते, बाई. म्हनून तुले लांब देल्ली."

गावानं नावं ठेवली ती तिनं यासाठी ऐकून घेतली होती. दिवाळीचे ते महिने, आखजीचे ते महिने, मला फुकट मिळालेले नव्हते. ते तिनं मिळवून दिले होते.

"एवढं केलं," माय म्हणाली, "अन् पाय, सारं गाव सोडून त्याइले हेच घर सापडलं. कोनाच्या डोक्यातून निंघालं काय मालूम."

मी हातावरचं पीठ झटकत राहिले. तिनं आपल्या तांब्यातलं दोन घोट पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि गाडीत चढली. आतून आत्याबाईंची हाक आली, "कोन हाय वो? माय हाय का? थांबव ना घडीभर, एवढी काय घाई?"

गाडी परकोटाकडं वळेपर्यंत मी निंबाखाली उभी होते. मग आत गेले. डाळ केव्हाच शिजली होती.